दोनशे चौदावं नाव

तो हात मावशीचा होता. घुंगट छातीपर्यंत ओढलेला, ओढणी बांधणीची, तिच्या काठाला जरीचा गोटा, मनगटात लाखेच्या बांगड्या. सगळं एखाद्या सेठाणीचं असावं तसं होतं, आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवलेला डावा हात मात्र बायनामावशीचा होता. अंगठ्याच्या मुळाशी विंचू गोंदलेला. जगातला कुठलाही विंचू नांगी वर उचलून असतो. हा एकटाच ती खाली टाकून बसलेला. बोटांची पेरं फुगलेली, नखं झिजलेली, कातडी राखेनं घासून घासून रखरखीत झालेली. शेजारी बसलेल्या शिक्षिका उषाबाईंनी यादीतून वाचलं, "सत्त्याऐंशी. सुगनबाई, पती बद्रीनारायण." घुंगट होकारार्थी हलला, बोलला काहीच नाही. बाकावर बसलेला पुंजाराम, म्हणजे उमेदवार हुकमचंद सेठच्या बाजूनं ओळख पटवायला बसवलेला माणूस, न बघताच म्हणाला, "बराबर हाय. बद्रीसेठच्या घरच्याच हायेत. लावा शाई मास्तर, जल्दी करा." मी काडी शाईत बुडवली, तर्जनीच्या नखाशी टेकवली, आणि मतपत्रिका पुढे सरकवली. सव्वादहा वाजले होते.

बायकांच्या केंद्रावर माझी नेमणूक झाली ती मी मवाळ दिसतो म्हणून. नगरपालिकेच्या निवडणुकीला मास्तर लोकांना जुंपतात हे ठरलेलंच. पण बायकांच्या केंद्रावर पुरुष पाठवायचा तर तो कसा हवा, यावर तहसील कचेरीत म्हणे बराच खल झाला आणि शेवटी माझं नाव निघालं. आबाराव मास्तर मान वर करत नाहीत, असं कुणीतरी बोललं. हे ऐकून मला बरं वाटावं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही. आमचे केंद्राध्यक्ष सिद्दीकीसाहेब. निजामाच्या अमदानीत कचेरीत पेशकार झालेले. राज्य गेलं, जालना मुंबई राज्यात आलं, तरी शेरवानीची वरची गुंडी उघडी टाकली नाही असा माणूस. यादीत तीनशे अठ्ठावीस बायकांची नावं होती आणि मागच्या खेपेला याच कन्या शाळेत, याच खोलीत अकरा बाया आल्या होत्या. तो अकराचा आकडा साहेबांच्या मनाला लागून राहिला होता. "ग्यारह औरतां, मास्टर!" ते सकाळपासून तीनदा म्हणाले होते. "तीन सौ में ग्यारह! मैं साब लोगां कू क्या मूँ दिखाया." म्हणून यंदा पडदा जाड लावला होता, व्हरांड्यात पाण्याचा रांजण भरून ठेवला होता, आणि शाई लावताना बाईच्या बोटाला बोट लागू द्यायचं नाही, नुसती काडी लागली पाहिजे, असं मला दोनदा बजावलं होतं. खरं तर शाईचं काम उषाबाईंचं आणि यादीचं माझं. पण शाईनं त्यांच्या बोटाची आग व्हायला लागली म्हणून अर्ध्या तासातच आम्ही जागा बदलल्या. बदलल्या नसत्या तर तो हात मला दिसलाच नसता. उषाबाईंनी त्याला शाई लावली असती, मी यादीवर लाल रेघ ओढली असती आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवलो असतो.

पडद्यामागे दोन पेट्या होत्या. एकीवर हुकमचंद सेठची छत्री चिकटवलेली, दुसरीवर रखमाजी मुकादमाची शिडी. बाईनं कागद घ्यायचा, आत जायचं, वाटेल त्या पेटीत टाकायचा आणि मागच्या दारानं निघून जायचं. ती घुंगटवाली आत गेली आणि बराच वेळ मागचं दार वाजलं नाही. मी कान लावून बसलो. पत्र्याच्या पेटीत कागद पडला तर आवाज तो काय होणार, पण मला वाटत होतं की होईल, आणि तो आवाज झाला की गुन्हा पुरा होईल. दुसऱ्याच्या नावानं मत टाकणाऱ्याला कैद आहे हे कलम साहेबांनी आम्हाला आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. मारवाडी गल्लीतल्या सुना बाहेर पडत नाहीत, त्यांच्या घुंगटात दुसऱ्याच बाया येऊन जातात, ही वदंता तर आठ दिवस गावभर होती. पानाच्या गादीवर लोक डोळे मिचकावून बोलत होते आणि मीही त्यात हसलो होतो. घुंगटाखाली कोण आहे ते देवाला ठाऊक आणि पुंजारामाला, असं मीच म्हणालो होतो. आता पुंजाराम तोंडात सुपारी टाकत होता. पडदा हलला, मागचं दार वाजलं, बांगड्या किणकिणल्या आणि मग काही नाही. माझ्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

मला आईचा चेहरा आठवत नाही. आठवतो तो हा हात. तीर्थपुरीच्या बाजूला आमची मेंढरं होती तोवर आमचं घर म्हणजे पाल आणि पाठीवरची चूल. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आणि मावशीचा नवरा म्हस्कू मेंढरं घेऊन वऱ्हाडात उतरला तो तिकडेच तापानं गेला. मग मावशीनं मला काखोटीला मारलं आणि जालन्यात येऊन बद्रीनारायण सेठच्या घरी कामाला राहिली. भांडी, झाडलोट, दळण, ज्वारी निवडणं. मागच्या अंगणातल्या खोलीत आम्ही दोघं. ताप आला की तो हात कपाळावर यायचा आणि मी डोळे मिटायच्या आधी विंचवाचे पाय मोजायचो. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, नांगी खाली. तिनं मला उर्दू शाळेत घातलं, कारण तेव्हा नोकरी उर्दूला होती. मग पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, उर्दूची मराठी झाली आणि मी रात्रंदिवस घोकून पुन्हा पहिल्यापासून मास्तर झालो. तिला यातलं काही वाचता येत नाही. पण नावाचं तिला फार. पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या वेळी नावं लिहायला माणूस आला तेव्हा तिनं रीतीप्रमाणे सांगितलं, म्हस्कूची बायको. त्यानं तेच लिहिलं, आणि पुढे अशी सगळी बायकोवाली नावं यादीतून उडवली. मत द्यायला गेली तर नावच नाही. ती घरी आली आणि रात्रभर काहीच बोलली नाही. म्हस्कू मेला तेव्हासुद्धा ती बोलायची थांबली नव्हती. यंदा मात्र ती स्वतः नगरपालिकेत गेली. एकदा कारकून जागेवर नव्हता, दुसऱ्यांदा वही नव्हती, तिसऱ्यांदा दोन्ही सापडलं. "बायनाबाई लिव्ह," म्हणाली म्हणे, "बायकू कुनाची ते मागून इच्यार." हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी शेवटी म्हणालो, कळलं मावशी, पुरे. त्या 'पुरे'ची मला आता लाज वाटत होती. आणि तरीही मला वाटत होतं की ती येऊन गेली, दुसऱ्याच्या नावानं. कारण जगात एका माणसाला ती नाही म्हणू शकत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते माणूस म्हणजे सुगनबाई. सेठाणीनं म्हटलं असेल, बायना, मला जाववत नाही, तू जाऊन ये. आणि ही ओढणी पांघरून निघाली असेल. मिठाला जागणं चांगलं, पण त्याला काही धरबंध?

साडेअकरापर्यंत मी हे उलटसुलट करत होतो, आणि मग एकदम ध्यानात आलं. ती पुन्हा येणार होती. स्वतःच्या नावावर मत द्यायला ती येणार नाही असं होणंच शक्य नव्हतं. शाई लागलेलं बोट घेऊन येईल, शाई निघत नाही हे तिला कोण सांगणार, चिंचेनं आणि राखेनं घासून येईल, टेबलावर हात ठेवेल, आणि साहेब चष्मा वर करून म्हणतील, ये क्या है बाई? मग पोलीस. मग कुणीतरी सांगेल की ही मास्तरची मावशी, आणि मास्तरनंच सकाळी शाई लावली. इथं मी खरं सांगतो: आधी मला ती कोठडीत दिसली, आणि लगेच पाठोपाठ मी स्वतः दिसलो, नोकरीवरून काढलेला. दुसरं चित्र पहिल्यापेक्षा जास्त स्पष्ट होतं. साडेबाराच्या सुमाराला साहेब जोहरच्या नमाजाला शाळेमागे गेले. उषाबाई डबा घेऊन व्हरांड्यात बसल्या. पुंजाराम आणि मुकादमाच्या बाजूचा कचरू एकमेकांची तंबाखू मळत दारात उभे राहिले. बाहेर बाई नव्हती, वाटेवर कुणी नव्हतं. यादी टेबलावर उघडीच पडलेली. मी दोनशे चौदा काढला. बायनाबाई, पती म्हस्कू, वय बेचाळीस. उषाबाईंची लाल पेन्सिल उचलली आणि नावाखाली रेघ ओढली. कागदोपत्री मत झालं. आता ती आली की उषाबाई यादी बघूनच तिला परत पाठवतील, हात टेबलावर ठेवायची वेळ यायचीच नाही. ती चरफडेल आणि घरी जाईल; घरी मी समजूत घालीन. रेघ सरळ आली होती. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं, अर्धा मिनिट.

दुपारनंतर साहेबांचं नशीब उघडलं. चार-चार, पाच-पाच बाया येऊ लागल्या. शाळेच्या पलीकडच्या आळीतल्या, गिरणीवरच्या, बाजारातल्या भाजीवाल्या. नवऱ्याचं नाव विचारलं की तोंडाला पदर. एका म्हातारीला तर उषाबाईंनी तीनदा विचारलं तेव्हा तिनं भर केंद्रात चांगला चार ओळींचा उखाणा घेतला आणि शेवटी नाव आलं पुंजाराम. तर आमचा पुंजाराम दचकून उठून उभा राहिला. सगळे हसले. साहेब तर चष्मा काढून डोळे पुसत होते. "छप्पन, मास्टर!" ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "आज साठ के ऊपर जाते हम." प्रत्येक बाई आत आली की ते स्वतः उठत, "आइए, आइए" म्हणत, जणू घरचं लग्न होतं. आणि मी, ज्यानं वर्गात पोरांना मतदान म्हणजे काय ते फळ्यावर लिहून शिकवलं होतं, मी प्रत्येक सावली दारात पडली की मनात म्हणत होतो, येऊ नका. आता कुणीच येऊ नका. घरी भाकरी टाका, ओसरीवर बसा, आजारी पडा. साठावी बाई आली, साहेबांनी टाळी वाजवली, आणि मी दाराकडे पाहिलं. सगळ्या जालन्यात बायकांनी मत देऊ नये अशी मनापासून इच्छा करणारा सरकारी नोकर त्या दिवशी बहुतेक मी एकटाच असेन. पाच वाजले की दार बंद. घड्याळात चार वाजून पंचवीस झाले होते. ती येणार नाही, मी म्हटलं. तिला कळलं असेल. काही झालं तरी ती अडाणी नाही. मग मला उगीचच शाळेच्या भिंतीवरचा नकाशा दिसायला लागला, त्यात अजून हैदराबाद संस्थान वेगळ्या रंगात होतं आणि कुणीतरी त्यावर खडूनं फुली मारलेली होती.

साडेचारला ती आली. हिरवं लुगडं, धुऊन उन्हात वाळवलेलं, डोक्यावरून पदर, तोंड उघडं. हातात नावाची चिठ्ठी, इतकी घट्ट धरलेली की घामानं मऊ झाली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी कामावर आहे, आणि कामावरच्या माणसाला ओळख दाखवायची नसते, हे तिनं मी मास्तर झाल्यापासून पाळलं होतं. चिठ्ठी उषाबाईंपुढे ठेवली.

"दोनशे चौदा," उषाबाई म्हणाल्या, पानं उलटली आणि थांबल्या. "तुमचं मत झालंय की हो."

"कवा?"

"यादीत खूण आहे. येऊन गेलात तुम्ही."

"मी आत्ता येऊन राह्यले, मास्तरीणबाई. येऊन कशी जाईन?"

साहेब उठून आले. त्यांनी रेघ पाहिली, चिठ्ठी पाहिली, आणि मऊ आवाजात म्हणाले की बाईच्या नावावर दुसरं कुणी देऊन गेलं असेल, असं होतं. तर तिला एक कागद देता येईल, तो पेटीत न टाकता वेगळ्या लिफाफ्यात ठेवायचा.

"लिफाफ्यातला मोजता का?"

"नहीं बाई. मोजत नाही."

"मंग तो कशाला देता?" तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे, बोटं फाकून. "हे बघा. हाय कुठं शाई? पायजे तर दगडानं घासून बघा."

मी पाहिलं. विंचू तिथंच होता, नांगी खाली टाकून. आणि तर्जनी कोरी होती. चिंच नाही, राख नाही, घासल्याचा लालसरपणा नाही. नखाच्या कडेला निळसर रेघसुद्धा नाही. ती शाई आमच्या टेबलाच्या लाकडातून निघत नव्हती, उषाबाईंच्या बोटावरून निघत नव्हती. ती सकाळी आली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगतो, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसलो असतो. ती आलीच नव्हती! मग हात कुणाचा, हा प्रश्नसुद्धा माझ्या डोक्यात आला नाही. ती निर्दोष होती, कोठडी नव्हती, पोलीस नव्हते, काही नव्हतं. आणि या सगळ्या आनंदात लाल रेघ मात्र होती तिथंच होती, माझ्या हातची, सरळ.

"पयल्या बारीला नाव न्हवतं," मावशी कुणाशीच नाही असं बोलली. "आता नाव हाय तर मत न्हाई." तिनं चिठ्ठी उचलली, घडी केली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी सकाळधरनं हितंच हाव. तुमी खोटं बोलनार न्हाई. सांगा यांना. मी आल्ते का?"

पुंजाराम माझ्याकडे पाहत होता, कचरू पाहत होता. घड्याळ टकटक करत होतं. 'आठवत नाही' एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सकाळपासून आलेल्या सत्तर बायकांतली एक मास्तरला कशी आठवणार? ती घरी गेली असती, रात्रभर बोलली नसती, आणि मी बाजूला बसून समजूत घातली असती. मी कधीतरी तसं केलंही असतं. पण तिनं मला विचारलं होतं, आणि असं विचारलं होतं की जणू मी म्हणजे कचेरीची वही.

"नाही आल्या," मी म्हणालो. "ती रेघ माझी आहे. दुपारी मी ओढली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काइकू?"

"घाबरलो, साहेब."

कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. ते खुर्चीवर बसले, दिलेल्या मतपत्रिकांची वहीत उरलेली अर्धुकं ओढून घेतली आणि मोजू लागले, बोट ओलं करकरून, नोटा मोजणाऱ्या माणसाच्या शांतपणे. उषाबाईंना यादीवरच्या रेघा मोजायला लावल्या. रेघा बहात्तर. कागद एकाहत्तर. "बराबर," ते म्हणाले. "एक निशान फाजिल. किसी की हरकत?" पुंजारामनं मान हलवली. कचरू म्हणाला, "आमची कशाची हरकत, द्या बाईला मत, आयला." साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, रोजनाम्यात दोन ओळी लिहिल्या, माझी सही घेतली आणि म्हणाले की परवा कचेरीत येऊन बयान लिहून द्यावं लागेल, आणि शिवाय बोलणी खावी लागतील, ती ते स्वतः देतील. मग उभे राहिले. "आइए बाई. आप का नाम?"

"बायनाबाई," मावशी म्हणाली. आणि कुणी विचारायच्या आधीच, स्वच्छ, पाटीवरचा धडा वाचावा तशी पुढे म्हणाली, "नवरा म्हस्कू. वारला."

मी तिच्या बोटाला शाई लावली. काडी नखाशी टेकली तेव्हा ती डोळे बारीक करून बघत होती. ती आत गेली आणि चटकन मागचं दार वाजलं; एवढी वर्षं थांबली होती, आत थांबली नाही. "जाओ मास्टर," साहेब म्हणाले, "पानी पी के आओ. सूरत देखो अपनी."

व्हरांड्यात रांजणापाशी ती बोट फुंकत उभी होती. मी दोन तांबे पाणी प्यायलो. परवा कचेरीत काय व्हायचं ते होवो. चार तासांत पहिल्यांदा मला पाण्याची चव लागत होती. "मावशी," मी म्हणालो, "सकाळी सुगनबाईंच्या नावावर कोण आलं होतं?"

"सुगनबाईच्या नावावर सुगनबाई यील. दुसरं कोन यील?" ती इकडेतिकडे बघून हळू आवाजात सांगू लागली. बद्रीसेठनं घरात बजावलं होतं, बायकांनी जायचं कारण नाही. सेठ गोदामात गेले तशी सुगनबाई ओढणी घेऊन निघाली. चुलीपाशी कुणीतरी हवं म्हणून मावशी घरी थांबली, सासूनं हाक मारली की 'न्हात्यात' म्हणून सांगायला. सुगनबाई परतल्यावर, कामं उरकून, मग मावशीची पाळी. "दोगी संगट गेलो असतो तर घर बोंबललं असतं. पुंजारामाला घोर व्हता, बद्रीसेठला कळंल म्हनून. पर कोन सांगनार?"

"आणि विंचू?"

"कोनचा विंचू?" मग तिनं हाताकडे पाहिलं आणि हसली. सुगनबाई लग्न होऊन आली तेव्हा दोघी एका वयाच्या. बाजारात गोंदणारी बसली होती. तिनं मावशीचा विंचू आधीच वेडावाकडा काढून ठेवला होता. नवी सेठाणी हटून बसली, मला बायनासारखाच हवा, तस्साच. गोंदणारीनं परोपरीनं सांगितलं, नांगी नीट काढते. नाही म्हणे. पोलीस ॲक्शनच्या साली घरातली नोकरमाणसं पळाली तेव्हापासून म्हशीही सुगनबाईच पिळते, पापडाचं पीठही तीच कुटते. हात कुठून मऊ राहणार?

मी तिला सांगितलं. सगळं: मला काय वाटलं, आणि रेघ का ओढली. ऐकता ऐकता तिचं हसू गेलं.

"नाव मिळवाया मी तीन खेटे घातले," ती म्हणाली. "अन् ते टाकून दुसरीचं वापरीन?"

तिच्या नावाचं मोल कारकुनाला पटलं होतं, ते मला पटायला लाल रेघ ओढावी लागली होती. मी खाली बघत राहिलो.

"माझा हात तू वळखतो म्हनतोस," ती म्हणाली. आवाजातला राग ओसरला होता. "सांजच्याला दाराआडून ताटली यायची, ध्यानात हाय? बाजरीची रोटी, वरून तूप. तूप माझ्यापाशी कुठलं, बाबा? सासू न्हाई बघती आसं पाहून तीच सरकवायची."

दाराची फळी, तिच्या फटीतून आलेला हात, जमिनीवर सरकणारी पितळी ताटली. विंचू. मी सहा वर्षं ते तूप खाल्लं आणि दर वेळी दाराआड मावशी आहे असं धरून चाललो. कधी दार लोटून बघितलं नाही. लोटायचं कारणच नव्हतं. हात ओळखीचा होता. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवलेही नाहीत. आईचा म्हणून एकच हात मी आयुष्यभर सांभाळला, आणि ते दोन होते.

"आता रडतोस कशाला," मावशी म्हणाली. "ती तर सकाळी घरी आल्यापून हासून राह्यली. म्हनं, घुंगटातून त्वांड दिसंना, शाई लावनारा मास्तर कोन हाय बाई, हात लई कापून राह्यलता त्याचा. पयल्यांदा मत मी देऊन राह्यले, अन् कापतो हा." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, मी पाच वर्षांचा असल्यासारखं, शाळेच्या व्हरांड्यात, उषाबाई बघत असताना. "मी म्हनलं, आपलाच हाय त्यो. शिकंल हळूहळू."

मग मला ढकलत म्हणाली, "जा आता आत. कोनी बाई आली आसंल."

आल्या होत्या. मारवाडी गल्लीतल्या दोघी, घुंगट ओढलेल्या, पाचला सात मिनिटं कमी असताना, धावत आल्यासारख्या धापा टाकत. साहेब उभे होते, आइए आइए चाललं होतं. मी जागेवर बसलो आणि काडी शाईत बुडवली. "बराबर हाय," पुंजाराम न बघताच म्हणाला. टेबलावर दोन हात आले. मी फक्त बोटं पाहिली.